ऐनवेळचा विषय

आण्णा,

रविवारी संस्थेची वार्षिक सभा झाली. त्या सभेत माईकवरून तुमचं नाव घेतलं. तुम्ही पाणी चोरलं नव्हतं, असा ठराव झाला. झालं, सांगून टाकलं. एवढ्या एका वाक्यासाठी मी किती वर्षं दातओठ खाल्ले ते तुम्हाला माहीत नाही, कारण त्यातली बरीचशी तुम्ही गेल्यानंतरची. आता ते वाक्य मिळालंय आणि मला इतकी किळस आलीय, की घरी आल्यावर आधी चूळ भरली, मग साडी बदलली, मग पुन्हा चूळ भरली. मायला काही बोलले नाही. तिला आता नीट ऐकू येत नाही, आणि तिनं 'मंग काय म्हनले?' असं विचारलं असतं तर ते कसं म्हणाले हेही सांगावं लागलं असतं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

संस्था अजून आहे, तुम्हाला हसू येईल. तलावात चिखलसुद्धा उरलेला नाही, उपशाच्या मोटारी कधीच उचलून नेल्या, आणि पाण्याच्या चारीत वेड्या बाभळी अशा माजल्यात की शेरडं आत शिरली तर बाया काठावरून शिव्या घालत उभ्या राहतात. पण पाणी नसलेल्या पाणीसंस्थेची सभा एक वर्ष चुकलेली नाही. चेअरमन तेच. मधल्या दुष्काळात संस्थेनं जनावरांची छावणी चालवली, तेव्हा त्यांचा फ्लेक्स पार आष्टीच्या बाजारापर्यंत लागला होता, गाईच्या तोंडात चारा घालताना. छावणीतल्या गाईंच्या बरगड्या लांबून दिसत होत्या आणि फ्लेक्सवरची गाय तुकतुकीत. ती कुठून आणली होती कुणास ठाऊक. लोक त्या फ्लेक्सखाली उभे राहून हसले आणि पेंड्या घ्यायला रांगेत लागले. मीही तिथंच होते, सुट्टीवर आलेली. शिसारी यायची ती तेव्हापासूनची.

चारी खोदायच्या आधीचा तो दिवस मला अजून दिसतो. मी हायस्कूलला होते. ठेकेदाराची माणसं जीपमधून आली, तिपाईवर पांढरी, पालथ्या ताटलीसारखी वस्तू बसवली, आणि सगळं गाव लग्नाला जमावं तसं भोवती जमलं. चेअरमननी त्या यंत्रापुढं नारळ फोडला. 'आता दुर्बीण लावून डोळे फोडत बसायचं काम न्हाई,' ते जो भेटेल त्याला सांगत होते, 'थेट आभाळातून मोजनी!' तुम्ही त्या माणसांना घागरीतलं पाणी देत होता आणि कौतुकानं यंत्राकडं बघत होता. जुन्या रीतीनं लेव्हलची दुर्बीण लावायची, पुढं माणसानं पट्टी धरायची, वाचायचं, पुन्हा पुढं सरकायचं, असं करत तलावापासून आपल्या वस्तीपर्यंत यायला महिना गेला असता. यांनी चारीच्या तोंडाशी, उपशाचं पाणी पडणार त्या हौदापाशी यंत्र ठेवलं, मधे मोजक्या ठिकाणी ठेवलं, शेवटी आपल्या विहारापुढच्या मोकळ्या जागेत ठेवलं, आणि चेअरमनच्या घरी मटण खाऊन निघून गेले. उतार आहे म्हणाले. थोडाच आहे, पण आहे. टेलला, म्हणजे चारीच्या शेवटाला, आपली वस्ती आणि आपला तो दगडाचा तुकडा. त्या संध्याकाळी वस्तीतल्या बाया ऊस लावायचा की भुईमूग यावरून भांडत होत्या, आणि चारी खोदून होताच तुम्हाला पाटकऱ्याची नोकरी लागली. चारीचं पाणी पाळीपाळीनं सोडायचं, दारं उघडायची, लावायची. संस्थेची सायकल मिळाली. तुम्ही ती पुसायचात किती!

पहिलं पाणी सुटलं त्या दिवशी अख्खी वस्ती चारीच्या काठावर बसली होती. पाणी आलं, वळणावरच्या लिंबापर्यंत आलं, आणि थांबलं. फुगलं, तिथंच काठावरून वरच्या रानांत पसरलं. चारीच्या तोंडाशी रानं असलेल्या हेडवाल्यांचे ऊस तरारले. तुम्ही खोऱ्यानं गाळ ओढताय, गवत उपटताय, वरची दारं बोळे घालून बंद करताय, आणि पाणी काही पुढं सरकत नाही. पुढच्या पाळीला तेच, त्याच्या पुढच्या पाळीला तेच. टेलचे लोक चिडले आणि त्यांचं चिडणं खरंच होतं. पाणीपट्टी भरायची आणि घोटभर पाणी नाही. मग सभा झाली. चेअरमननी सांगितलं, चारी अगदी बरोबर आहे, आभाळातून मोजलेली आहे. पाणी टेलला जात नाही, कारण पाटकरी वाटेत वरच्यांना दारं उघडून देतो. पाणी चोरतो. मी मागं बायकांत उभी होते. वाटलं, आता तुम्ही बोलाल. तुम्ही उठलात, टोपी काढली, हात जोडले आणि म्हणालात, 'चूक झाली, मालक. पुन्यांदा व्हनार न्हाई.' चेअरमननी सगळ्यांकडं बघून विचारलं, 'गरीब मानूस हाय, माफ करायचं का?' आणि अख्खं पटांगण ओरडलं, 'मंजूर! मंजूर!' म्हणजे चोरीही मंजूर झाली आणि माफीही. जाताना सभासदांनी भेट म्हणून स्टीलचे डबे घेतले. पाणी चोरणाऱ्याचं स्वतःचं रान कोरडं ठाक कसं, हे विचारायचं एकाही शहाण्याला सुचलं नाही.

घरी माय चुलीपुढं भाकरी थापत होती. बातमी तुमच्या आधी पोचली होती. तिनं वर बघितलं नाही, थापता थापताच बोलली, 'चोर तुमी? आपल्या वावरात चिमनीला न्हायला पानी न्हाई, अन् चोर तुमी?' तुम्ही ताट पुढं ओढलं. पाणी आपली पातळी सोडत नाही हे आम्हाला तेव्हा नुकतंच शिकवलं होतं, आणि माझ्या अंगात ते ज्ञान उकळत होतं. मी म्हणाले, 'आण्णा, पानी लिंबाच्या फुडं चढतच न्हाई. तुमी सांगत कावून न्हाई?' तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाही, त्या दिवशीही नाही. नुसतं म्हणालात, 'पाटकऱ्यानं पाळीचं बोलावं, पान्याचं न्हाई. गप जेव.' मी गप जेवले. त्यानंतर शाळेत मला पाणीचोराची म्हणायला लागले. तुम्ही सायकलवरून निघालात की पारावरची टवाळ पोरं ओरडायची, 'ओ पाटकरी, आमाला बी घागरभर चोरून द्या की!' आणि तुम्ही हसायचात. आण्णा, ते हसू आठवलं की आजही माझी मूठ वळते. हसायचात कशाला हो?

मी भूगणितात, पृथ्वी मोजायच्या शास्त्रात, गेले ते त्या चारीमुळं, असं सांगितलं तर ऐकायला छान वाटतं, पण ते खोटं आहे. प्रवेश मिळाला तिथं गेले. तुम्ही नुकतेच गेला होतात आणि मला गावापासून लांब कुठंही चाललं असतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, उंची मोजायची ती कशापासून? सगळे म्हणाले, समुद्रसपाटीपासून. सर माझ्याकडं वळले, 'तुमच्या बीडला समुद्र कुठं आहे?' वर्ग हसला. मग त्यांनी समजावलं. समुद्र अगदी शांत आहे असं धरा, आणि त्याचं पाणी जमिनीखालून बारीक चर काढून तुमच्या गावाखाली आणलं असं धरा. ते जिथं थांबेल ती खरी पातळी. तिला जिऑइड म्हणतात. ती सपाट नसते. जमिनीच्या पोटात कुठं जड दगड असतो, कुठं हलका. जड असतो तिकडं ओढ जास्त, पाणी तिकडं जमतं आणि पातळी फुगते. हलकं असेल तिथं ती खाली बसते. आपल्या देशाच्या दक्षिणेला समुद्रात ती इतकी खाली बसलीय की जगात तसा दुसरा खोलगट भाग नाही, आणि आपला सगळा मुलूख त्या खोलगटाकडं कललेला आहे. त्या पांढऱ्या ताटलीला आभाळातून आकडे देणाऱ्या उपग्रहाला यातलं काही ठाऊक नसतं. हिशेब सोपा पडावा म्हणून माणसांनी एक गुळगुळीत चपटा गोल कल्पिलाय, उपग्रह त्या गोलापासून उंची देतो. त्या आकड्याला जिऑइडची दुरुस्ती लावल्याशिवाय पाणी कुठून कुठं जाईल ते कळत नाही. यंत्र ज्या जागेला खाली म्हणतं, ती पाण्याच्या दृष्टीनं वर असू शकते. सर फळ्यावर रेघा काढत होते आणि मला वळणावरचं लिंब दिसत होतं. मी भर वर्गात मोठ्यानं शिवी दिली. आपल्याकडची, चांगली ठसठशीत. सरांनी दचकून विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही सर, समजलं.

समजलं म्हणजे नुसता संशय पक्का झाला. खात्री करायला पुढं कित्येक वर्षं गेली. संशोधनात मराठवाड्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीचं काम निघालं, ते मी मागून घेतलं. कपिलधारच्या डोंगरापासून आष्टीच्या माळापर्यंत ग्रॅव्हीमीटर जमिनीवर टेकवत, श्वास धरून आकडा वाचत फिरले. त्या उन्हाळ्यात टँकरसुद्धा दिवसाआड येत होता. आपल्या चारीच्या काठावर यंत्र ठेवलं तर टँकरची वाट बघणाऱ्या बाया घागरी टाकून भोवती आल्या. एक म्हणाली, 'बाई, मशिनीत पानी दिसतंय का?' मी म्हणाले, 'पाणी न्हाई मावशी, ओढ मोजतंय. जमीन खाली किती जोरानं ओढती ते.' 'आगं बया! अन् ते मोजून काय करायचं? आमाला ठावं हाय की ती वढती, कंबर गेली आमची!' मी त्या दिवशी पोटभर हसले. मग लेव्हल मागवली आणि हौदापासून वस्तीपर्यंत जुन्या रीतीनं, पट्टी धरून, टप्प्याटप्प्यानं उंची काढत आले. ठेकेदाराच्या नकाशात टेल हेडपेक्षा कंबरभर खाली होती. एवढ्या लांबीला नुसता कंबरभर उतार ठेवणं हाच मुळात आचरटपणा, पण तेवढाही खरा नव्हता. पाण्याच्या पातळीनं मोजलं तर आपली वस्ती हौदापेक्षा वीतभर वर निघाली. चारी उलटी होती, आण्णा. तुम्ही नुसते खोरं घेऊन गेला होतात. सगळ्या गावानं खोरी घेतली असती तरी पाणी आलं नसतं. दुरुस्ती लावायची पद्धत तेव्हाही होती. त्यांनी ती लावली नाही, कारण नारळ फुटला होता आणि मटण शिजलं होतं.

सगळे आकडे घेऊन मी चेअरमनकडं गेले. म्हातारे झालेत. तोंडात तंबाखू, हातात स्टीलचा तांब्या, दर दोन वाक्यांनी त्यात थुंकतात आणि तोच तांब्या चहाच्या कपाशेजारी ठेवतात. मला वाटलं होतं ते चिडतील, नाकारतील, मला हाकलून देतील. मी तयारीनं गेले होते. मी जिऑइड सांगितला, कल सांगितला, उलटा उतार सांगितला. ते मान डोलवत ऐकत होते. मग थुंकले आणि म्हणाले, 'त्ये तर पयल्या पाळीलाच कळलं व्हतं की.' मी म्हणाले, 'काय कळलं होतं?' 'पानी चढत न्हाई ह्ये. आता त्ये तुज्या त्या जिवाडमुळं का कशामुळं, आमी काय शिकलेलो न्हाई. पर चारी पुरी झाली म्हनून वर सांगून बसलेलो. ठेकेदार सोयरा. मंग पानी जातंय कुटं, ह्ये कुनाच्या तरी नावावर घालावं लागतंय का न्हाई?' इतकं साधं बोलले, बाजरीचा भाव सांगावा तसं. आणि वर हसून, 'तुज्या आण्णाला बी ठावं व्हतं. मीच त्याला म्हनलं, कळ काढ, नोकरी जानार न्हाई. लई सांबाळून घेतलं त्यानं. देवमानूस!' मी उठले, बाहेर आले आणि त्यांच्या गोठ्याच्या भिंतीला हात टेकून खरोखरच ओकले. आतून आवाज आला, 'ऊन लागलं का गं?'

त्या माणसाची किळस येते हे सांगायला पत्र कशाला लिहू? ती सगळ्यांनाच येते, आणि तरी सगळे त्यालाच निवडून देतात. पण त्या दिवसापासून त्या किळसेत तुमचाही वाटा आहे. तुम्हाला माहीत होतं! वस्तीतली माणसं तुम्हाला तोंडावर चोर म्हणत होती. लोकांची पिकं जळत होती, तीन घरं उसतोडीला गेली ती परतून इथं राहिलीच नाहीत, आणि तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. सायकल पुसत बसलात. विहाराच्या भिंतीवर ज्यांचा फोटो लावला होता त्यांनी मान वर करून बोलायला शिकवलं, असं तुम्हीच मला सांगायचात ना? मग? मी तुमच्यावरचा पाणीचोर हा शिक्का खोटा आहे म्हणून इतकी वर्षं जळत राहिले, आणि तो शिक्का तुम्ही आपल्या हातानं कपाळावर मारून घेतला होता. नोकरी गेली असती तर आम्ही काय खाल्लं असतं, हे मला कळतं. तेवढी मी मूर्ख नाही. कळतं आणि तरी राग जात नाही. माझ्या फीचा, माझ्या वह्यांचा विचार आला की तो राग मला कुठं ठेवावा समजत नाही.

मग यंदा चेअरमनचाच निरोप आला. बंद पाइपची नवी योजना आणायची आहे, त्यासाठी सभेत आपल्या गावची लेक, शास्त्रज्ञ, म्हणून माझा सत्कार करायचाय. मी म्हणाले, येते. पण आण्णांनी पाणी चोरलं नव्हतं, चारी उलटी होती, हे माईकवरून बोलायचं. त्याच पटांगणात, त्याच लोकांसमोर. 'हात्तिच्या! येवढंच?' ते म्हणाले. 'घिऊ की ऐनवेळच्या विषयात.' सभेच्या पत्रिकेत सगळ्यात शेवटी तो विषय असतो, उरलंसुरलं सगळं त्यात कोंबतात. तुम्हाला आठवत असेल, तोवर लोक चपला घालून उभे असतात.

रविवारी तसंच झालं. मंडपामागं मोठ्या पातेल्यात भात शिजत होता, शिऱ्याचा वास सुटला होता. मला शाल दिली, नारळ दिला. अहवाल मंजूर, ताळेबंद मंजूर, सगळं वाचायच्या आधीच मंजूर. ऐनवेळच्या विषयात पहिल्यांदा ऑफिसला रंग द्यायचं निघालं, मग गेटवर कमान बांधायचं, आणि मग मला बोलायला सांगितलं. मी सोपं करून आणलं होतं, आण्णा. आरशासमोर उभं राहून पाठ केलेलं. पाण्याची पातळी आणि आभाळातली उंची वेगळी असते, इथवर आले तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, 'मॅडम, भात गार व्हतोय!' हशा पिकला. चेअरमननी हसत हसत माईक आपल्याकडं ओढला. 'तर मंडळी, आपले जुने पाटकरी, त्यांच्याबाबत ठराव असा की,' आणि तुमचं नाव घेतलं. नाव घेऊन त्यांनी तांब्यात थुंकायला मान वळवली, आणि तेवढ्यात पटांगण ओरडलं, 'मंजूर! मंजूर!' काय मंजूर केलं ते अजून कुणी ऐकलंही नव्हतं. पुढचे शब्द ते बोलले खरे, निर्दोष होते असं म्हणाले, पण तोवर लोक पत्रावळ्यांकडं धावले होते. चोर होते असं म्हणाले असते तरी तितक्याच जोरानं मंजूर झालं असतं. आपल्या वस्तीतली माणसंही ओरडत होती, मी बघितलं. एकानं जाता जाता मला विचारलं, 'कुनाचा ठराव व्हता?'

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, पाठवायला पत्ता तरी कुठाय. तुम्हाला पाळीचे आकडे आणि सही, एवढंच यायचं. घरी पत्र आलं की मी वाचून दाखवायची, आणि ज्यानं तुम्हाला वाईट वाटेल ते गाळून टाकायची. हे वाचून दाखवायची वेळ आली असती तर मी इथवर येऊन थांबले असते. पुढचं गाळलं असतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही, माझ्यासाठी. पुढचं असं आहे, की तुमच्या नावावर 'मंजूर'चा तो गलका उठला, तेव्हा मला इतकं बरं वाटलं, इतकं, की ते लोक आणखी थोडा वेळ ओरडत राहिले असते तर मी त्यांना सगळं माफ करून बसले असते.